प्राथमिक शाळेची धोरणे आणि तांड्याची भाषा : मानोरा तालुक्याच्या संदर्भात एक परीक्षण

प्राथमिक शाळेत गृहपाठ किती द्यावा, परीक्षा कशी घ्यावी, संगणकाचा उपयोग कोठवर करावा आणि उपक्रमांना किती स्थान असावे, या चार प्रश्नांवर गेल्या दीड दशकात केंद्र व राज्य शासनांनी पुष्कळ धोरणे जाहीर केली. त्यांची चर्चा बहुधा मुलांवरील ओझ्याच्या किंवा गुणवत्तेच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात त्यांचे परीक्षण भाषाशास्त्राच्या बाजूने करावयाचे आहे, आणि त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका समोर ठेवला आहे. बंजारा समाजाचे श्रेष्ठ तीर्थस्थान पोहरादेवी याच तालुक्यात आहे, आणि परिसरात तांड्यांची वस्ती मोठी आहे. तांड्यातील मूल घरी गोरमाटी ऐकत वाढते आणि सहाव्या वर्षी मराठी शाळेच्या पायरीवर येऊन उभे राहते. उपर्युक्त चारही धोरणे मात्र घराची भाषा आणि शाळेची भाषा एकच आहे असे गृहीत धरून चालतात. हे गृहीतक कोठेही लिहिलेले नाही. म्हणूनच ते कोणी तपासूनही पाहत नाही.

प्रथम गोरमाटीचे स्वरूप थोडक्यात पाहू. बंजारी, लमाणी, लंबाडी अशा नावांनीही ओळखली जाणारी ही भाषा मराठीची बोली नव्हे. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिचा स्वतंत्र विचार केला आहे. रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण १९७० साली प्रसिद्ध झाले. तिचे नाते राजस्थानीशी आहे. मराठीत जेथे ‘चा-ची-चे’ येते तेथे गोरमाटीत ‘रो-री’, आणि ‘आहे’च्या जागी ‘छ’. मराठीत तीन लिंगे, गोरमाटीत दोनच. अर्थात ‘घर’, ‘झाड’, ‘पुस्तक’ या शब्दांचे नपुंसकलिंग तांड्यातील मुलाला नव्यानेच शिकावे लागते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी हीच आपली मातृभाषा म्हणून देशातील ३२ लाखांहून अधिक लोकांनी सांगितली. बंजारी या नावाने सांगणारे आणखी १५ लाखांवर आहेत. या दोन्ही नोंदी जनगणनेने हिंदीच्या गटात घातल्या. शासकीय कोष्टकात भाषा अशी दिसेनाशी झाली, की शाळेच्या धोरणातही ती सहजच दिसत नाही.

आता गृहपाठाकडे वळू. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ मुळीच देऊ नये आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला फार तर दोन तासांचा द्यावा, असे म्हटले आहे. ही मर्यादा स्तुत्यच आहे. गृहपाठाऐवजी मुलांनी आदल्या संध्याकाळी काय केले, कोणते खेळ खेळले, काय जेवले, हे त्यांना वर्गात सांगू द्यावे, ही त्याच धोरणातील सूचना तर भाषाशिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. परंतु हे सांगावयाचे कोणत्या भाषेत? तांड्यातील संध्याकाळ गोरमाटीत घडलेली असते. स्वयंपाकातील जिन्नस, नात्यांची नावे, खेळातील आरोळ्या, सारे त्या भाषेतील. जे मूल घरी अखंड बोलते तेच वर्गात मराठीतून सांगावयाचे म्हटले की गप्प होते, आणि ‘मूल अबोल आहे’ अशी नोंद होते. ओझे कमी करणाऱ्या या धोरणाने त्या मुलावरील एक ओझे, भाषांतराचे, जसेच्या तसे ठेवले आहे. पुढच्या इयत्तांत गृहपाठ येतो तेव्हा तो समजावून देण्यास घरात मराठी वाचणारे कोणी असेलच, असेही नाही.

मूल्यमापनाची गोष्ट याहून गंभीर आहे. राज्याच्या ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास ७० व संकलितास ३० टक्के भार दिला गेला. तिसरी-चौथीसाठी तो ६० व ४० झाला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधने शिक्षकाच्या हाती दिली गेली. रचना उदार होती. तोंडी कामास मान्यता असल्यामुळे समंजस शिक्षक मुलाचे उत्तर गोरमाटीतही ऐकून घेऊ शकत होता. परंतु २०२३-२४ पासून राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेने नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा ही मोकळीक आकुंचित झाली. या चाचण्यांचे विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. येथील ‘प्रथम भाषा’ ही संज्ञा पाहण्यासारखी आहे. भाषाशास्त्रात प्रथम भाषा म्हणजे मुलाने प्रथम आत्मसात केलेली भाषा; चाचणीत तिचा अर्थ शाळेचे माध्यम. मानोऱ्यातील गोरमाटीभाषी मुलाची दुसरी भाषा ‘प्रथम’ म्हणून तपासली जाते, आणि तिच्यातील उणीव ही भाषाविकासाचीच उणीव मानली जाते.

गणितातही हेच घडते. ‘टोपलीत २४ संत्री होती, त्यांपैकी निम्मी विकली, तर किती उरली?’ असे एक साधे उदाहरण घेऊ. यात गणित एका भागाकाराचे आहे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी ‘त्यांपैकी’, ‘निम्मी’ आणि ‘उरली’ हे तीन शब्द ओलांडावे लागतात. बाजारात आईबरोबर बसून हिशेब करणारे मूल येथे अडते, तेव्हा अडते ते मराठीत की भागाकारात, हे उत्तरपत्रिका सांगू शकत नाही. जी चाचणी या दोहोंत भेद करू शकत नाही, तिच्या गुणांवरून निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे. जिम कमिन्स यांनी १९७९ साली दाखवून दिलेला भेदही येथे ध्यानात घेण्यासारखा आहे : दुसऱ्या भाषेतील व्यवहारापुरते संभाषण मूल लवकर शिकते, अभ्यासाची भाषा त्याच्या हाती येण्यास कितीतरी अधिक वर्षे लागतात. मैदानावर मराठी बोलणारे मूल प्रश्नपत्रिकेतील मराठी जाणतेच, असे समजण्यात म्हणूनच चूक आहे.

हा वाद केवळ तात्त्विक राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीस अनुसरून राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. आता पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास पुन्हा संधी मिळते; तीतही ते उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवले जाते. म्हणजे वरील गोंधळाची किंमत यापुढे मुलाचे एक वर्ष, आणि कदाचित त्याचे सारे शिक्षण, अशी होऊ शकते.

संगणकाविषयी अधिक आशेने बोलता येईल. मात्र आज तो उलट्या दिशेने वापरला जात आहे. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडमधून आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरून मुलापर्यंत पोहोचते ती पुस्तकाचीच भाषा, आणि तीही एकाच दिशेने. वस्तुतः ज्या भाषेचे साहित्य मुख्यतः मौखिक आहे तिच्यासाठी ध्वनिमुद्रणाइतके उपकारक साधन दुसरे नाही. होळीची लेंगी गीते, तीजेची गाणी, आजीच्या कथा मुलांनीच मुद्रित कराव्यात, देवनागरीत लिहाव्यात आणि शेजारी मराठी अर्थ द्यावा. एवढ्याने लेखन, वाचन आणि भाषांतर या तिन्हींचा अभ्यास होतो. याला वेगळा तासही नको. २०२४ पासून आलेला ‘आनंददायी शनिवार’ त्यासाठी पुरेसा आहे. परंतु उपक्रमांत तांडा बहुधा वेशभूषेपुरता आणि नृत्यापुरताच येतो. स्नेहसंमेलनात बंजारा नृत्यास टाळ्या मिळतात आणि सोमवारी तीच भाषा वर्गात अशुद्ध ठरते.

यावर काही आक्षेप संभवतात. पालकांना मराठी आणि इंग्रजीच हवी आहे, हा पहिला. तो खरा आहे, आणि त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. येथे गोरमाटी माध्यमाच्या शाळा मागितलेल्या नाहीत. घरच्या भाषेच्या आधाराने मराठी अधिक पक्की होते, एवढेच प्रतिपादन आहे. ओडिशाने आदिवासी भाषांसाठी २००६ पासून असा बहुभाषिक कार्यक्रम राबविला आहे. शिक्षकांना गोरमाटी येत नाही, हा दुसरा आक्षेप. परंतु पहिल्या दोन वर्षांपुरती कामचलाऊ भाषा आणि एक छोटा शब्दसंग्रह शिक्षकास देणे अशक्य नाही. तिसरा आक्षेप असा, की मराठीभाषी मुलांचीही अडचण काही वेगळी नाही. हे मान्य करावे लागेल. ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणारे वऱ्हाडी मूलही प्रमाण मराठीपुढे बिचकतेच. यावरून वरील युक्तिवाद दुर्बल होत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते.

कायदा या विचाराच्या आड येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असे सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या ज्या २९ व्या कलमाने सातत्यपूर्ण मूल्यमापन आणले, त्याच कलमात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याची अटही आहे. त्यातील मूल्यमापन शासन निर्णयांत उतरले. मातृभाषा कायद्यातच राहिली.

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रवेशाच्या वेळी मुलाची घरची भाषा तिच्या खऱ्या नावाने नोंदवावी. तिसरीपर्यंत गणिताचे प्रश्न मुलास कळणाऱ्या भाषेत तोंडी विचारण्याची मुभा नियतकालिक चाचण्यांतही स्पष्ट शब्दांत द्यावी. आणि पाचवीच्या मुलास त्याच वर्गात ठेवण्यापूर्वी, त्याची अडचण विषयाची की भाषेची, हे गोरमाटी जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. यांपैकी कशासाठीही नवा कायदा नको. मानोऱ्यासारख्या तालुक्यात हे प्रथम करून पाहता येईल, आणि चाचण्यांचे गुण त्यानंतर काय सांगतात हे मोजताही येईल.