फोटोतला माणूस सिनॉप्सिसमध्ये कुठे आहे?

इन्स्टाग्राम आणि खासगीपणा असा विषय घेतला की सिनॉप्सिसमध्ये एक संकल्पना हटकून येते: ‘प्रायव्हसी पॅराडॉक्स’. सुसान बार्न्स यांच्या २००६ मधल्या लेखानंतर समाजमाध्यमांच्या अभ्यासात ती रुळली. आज ती वापरतात ती अशी: लोक म्हणतात खासगीपणाची काळजी वाटते, आणि तरी स्वतःबद्दल सगळं टाकत सुटतात.

डॅनियल सोलोव यांनी २०२१ मध्ये हे ‘मिथक’ ठरवलं. एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागला, यावरून तो खासगीपणाला एकूण किती किंमत देतो हे काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पटतं. पण माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. या चौकटीत फोटो टाकणारा आणि फोटोत दिसणारा एकच माणूस धरलेला असतो.

त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रुक यांचा कॉर्बेटवरचा २०२४ मधला अभ्यास बघा. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये जंगलात शौचास गेलेल्या एका स्त्रीचा फोटो आला आणि तो स्थानिक फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. तिने काहीच टाकलं नव्हतं. मग इथे पॅराडॉक्स कुठला?

पारशिवनीला हे परकं नाही. तालुक्यातली गावं पेंचच्या जंगलाला लागून आहेत. बाया मोहफुलं वेचायला जातात, कोलितमारा गेटने पर्यटक येतात. उद्या कुणी अशा बाईचा फोटो ‘ग्रामीण जीवन’ म्हणून टाकला, तर ‘अकाउंट प्रायव्हेट करा, लोकेशन बंद ठेवा’ हा सल्ला तिच्या काय कामाचा? टॅग काढता येतो, पण त्याने नाव जातं. फोटो तिथेच राहतो.

हेलन निसेनबॉम यांची मांडणी इथे जास्त उपयोगी पडते. माहिती ज्या संदर्भात मिळाली, तिथल्या रीतीला धरून ती पुढे गेली का, हे त्या विचारतात. अकाउंट कुणाचं, हा प्रश्न मग दुय्यम होतो.

म्हणून प्रश्नावलीत ‘तुमचं अकाउंट प्रायव्हेट आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुम्हाला न विचारता तुमचा फोटो कुणी टाकला का? मग तुम्ही काय केलं?’ हेही विचारा, आणि अकाउंट नसलेल्यांनाही विचारा.

आणि हो, ‘पोस्ट पब्लिकच होती’ म्हणून स्क्रीनशॉट प्रबंधात चिकटवू नका. चेहरा झाकला तरी कॅप्शन शोधून माणूस सापडू शकतो. प्रबंध शेवटी शोधगंगेवर जातो, आणि तिथे तो कुणालाही उघडता येतो.