ख्रिस्तपुराणांतील ‘वैकुंठ’

ख्रिस्तपुराणांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे, एवढ्यावरून फादर स्टीफन्स यांस समन्वयवादी ठरविणारें मत आम्हांस मान्य नाहीं. ग्रंथाचा उपोद्घातच उलट साक्ष देतो. साष्टींतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो कीं, जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? म्हणजे ग्रंथाचा जन्मच पंथभेदांतून झाला. ज्या साष्टींत देवळें पाडलीं गेलीं, जेथें १५८३ त कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले व त्यांच्या दफनाची व्यवस्था स्टीफन्स यांनींच केली, तेथें सिद्धांतांत तडजोडीस जागा नव्हती.

परंतु ही फारकत भाषेपर्यंत पोंचली नाहीं, हेंच ग्रंथाचें खरें मोल. बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाईस गीतार्णवकार दासोपंत शके १५३७ त समाधिस्थ झाले. त्याच सुमारास, १६१६ त, रायतूर येथें हें पुराण छापलें गेलें. एक दत्तोपासक, दुसरा मूर्तिपूजेचा निषेधक. तरी दोघांनींही मराठीची थोरवी गाइली, आणि दोघांचें वाहन ओवीच.

पुढें १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हां भिंत भाषेंतच घातली गेली. मतभेद ओवींत होता तोंवर एकाचें म्हणणें दुसऱ्यास निदान कळत तरी होतें. संशोधकांनीं ‘वैकुंठ’ या शब्दाची साक्ष याच मर्यादेंत घ्यावी, असें आमचें मत आहे.