गेम बंद का पडतो? : उपाय आणि निदान यांची गल्लत

कार्यकारणभावावर बोलताना आम्ही धूर आणि अग्नी यांच्यापलीकडे फारसे जात नाही, अशी तक्रार असते. ती रास्त आहे. म्हणून आजचं उदाहरण घरातलं.

आमच्या नातवाच्या कॉम्प्युटरवर गेम सुरू केला की अर्ध्या तासात रंगीत ठिपके दिसत, स्क्रीन काळा होई आणि गेम बंद पडे. त्याला मिळालेले सल्ले असे: ड्रायव्हर अपडेट कर, सेटिंग्ज कमी कर, गेम पुन्हा इन्स्टॉल कर, नाहीतर नवं ग्राफिक्स कार्ड घे. यातला एकही सल्ला मुळात चुकीचा नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही उपायांची यादी झाली. यात निदान कुठे आहे? चारही उपाय एकदम केले आणि गेम चालला, तर कशामुळे चालला हे कळतच नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तशातली गत.

आणखी एक सल्ला बघा. कार्डाने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि त्यात बरेचदा गेम कोसळतो. ही मुदत रजिस्ट्रीत वाढवता येते, तर ती वाढवा म्हणे! दूध उतू जातं म्हणून भांडं मोठं घेतलं, आच मात्र तशीच.

नैयायिकांची कसोटी साधी आहे. अन्वय: हे असेल तर ते होतं. व्यतिरेक: हे नसेल तर ते होत नाही. आम्ही म्हटलं, बाळा, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिहून ठेव. ड्रायव्हर बदलला, गेम पडला. पुन्हा इन्स्टॉल केला, पडला. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला, तर दोन तास काही झालं नाही. फॅन काढून झाकण बसवलं, पुन्हा पडला. कार्डाच्या पंख्यात धुळीचा थर निघाला. तो साफ केला आणि नव्या कार्डाचा खर्च टळला.

पण दोष दर वेळी आपल्या घरात नसतो. २०१५च्या जूनमध्ये 'बॅटमॅन: आर्कम नाइट' पीसीवर आला आणि चांगल्या मशीनवरही अडखळू लागला. प्रकाशकाने काही दिवसांतच त्याची पीसीवरची विक्री थांबवली, ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू केली. कसोटी तीच: मशीन निरनिराळी, समान काय? गेम. तिथे खेळणाऱ्याला ड्रायव्हर बदलायला सांगत बसणं म्हणजे दुसऱ्याची चूक त्याच्या गळ्यात मारणं.

नातवाला आठवडाभर वाटत होतं, आपणच काहीतरी बिघडवलं. त्याच्या बाबांनाही तसंच वाटत होतं. वहीतल्या चार ओळींनी तो आळ गेला. तेव्हा सल्ला देणाऱ्याला आधी एवढंच विचारा: हे कशावरून?