खिळ्यांवर उभी असलेली क्रेन

काही वर्षांपूर्वी देगलूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. आम्ही पहिला क्रमांक दिला तो वाफेवर चालणाऱ्या रेल्वे क्रेनच्या प्रतिकृतीला. प्रमाण १:१२, लांबी मीटरभर. प्लायवूडचा सांगाडा, पत्र्याचे धुराडे, पुढे झुकलेला लांब बाहू. बटण दाबले की आत दडवलेली मोटर दोरी गुंडाळी आणि खेळण्यातला डबा अलगद वर येई. देगलूरला आजही रेल्वे नाही. नांदेडला ती १९०० साली आली, पण वाफेची क्रेन पाहिलेला माणूस आता तिथेही विरळाच. मुलांनी चित्रावरून एवढे उभे केले, याचे आम्हाला कौतुक वाटले.

निघताना सहज खाली पाहिले. क्रेनची चाके चार खिळ्यांनी फळीला ठोकलेली होती. कारण विचारले तर एक मुलगा म्हणाला, "सर, नाही ठोकली तर ती पडते."

त्या क्रेनमधले खरे विज्ञान या उत्तरात होते, आणि आमच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता. नीटनेटकेपणा, आकर्षकता, सादरीकरण यांना मात्र भरपूर गुण होते. हा दोष मुलांचा नाही, आम्हा परीक्षकांचा आहे.

खऱ्या क्रेनपुढचा मुख्य प्रश्न कोलमडण्याचा असतो. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. एवढ्या अरुंद पायावर उभे राहून तिला घसरलेला डबा बाजूला उचलून ठेवायचा असतो. म्हणून बॉयलर मागे ठेवतात. त्याचे वजन पुढच्या भाराला तोलते. बाहू उभा केला की भार जवळ येतो, आडवा केला की दूर जातो आणि उचलण्याची क्षमता घटते. जड काम असेल तर दोन्ही बाजूंना आडवे टेकू बाहेर काढून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे रचतात.

आता १:१२ म्हणजे काय ते पाहू. लांबी १२ पटींनी घटली की क्षेत्रफळ १४४ पटींनी आणि वजन १७२८ पटींनी घटते. १२० टनांची क्रेन सगळी त्याच धातूची केली, तर सुमारे ७० किलोंची होईल. पण तिच्या दांड्यांची ताकद क्षेत्रफळावर, म्हणजे १४४ वर, ठरते. त्यामुळे वजनाच्या मानाने प्रतिकृती १२ पट मजबूत असते. वाफेचा दाब तोच ठेवला तर दट्ट्याचा जोरही वजनाच्या मानाने १२ पट. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडलेला हा विचार आहे. म्हणून प्रतिकृती मोडली नाही, यावरून खरी क्रेन मोडणार नाही असे सिद्ध होत नाही.

तोलाचे मात्र तसे नाही. तिथे दोन्ही बाजूंना वजन गुणिले अंतर असते आणि दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात घटतात. वजनांची वाटणी खरी ठेवली, तर ही प्रतिकृती कोलमडण्याबाबत खरे बोलते. नेमक्या त्याच ठिकाणी आपण खिळे ठोकले होते.

खिळे काढून वर्गात हा प्रयोग करावा. रुळांमधले अंतर १४ सेंटिमीटर, क्रेनचे वजन १२ किलो आणि रिकाम्या क्रेनचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आहे असे धरू. भार मध्यापासून बाजूला ३५ सेंटिमीटरवर टांगला, तर तो रुळापासून २८ सेंटिमीटरवर असेल. १२ × ७ भागिले २८, म्हणजे ३ किलोंना क्रेन कलंडू लागेल. भार ६३ सेंटिमीटरवर नेला तर दीड किलोलाच. आता मध्यापासून १४ सेंटिमीटरवर टेकू लावा. त्याच ३५ सेंटिमीटरवर १२ × १४ भागिले २१, म्हणजे ८ किलो! मुलांनी आधी आकडा वहीत लिहावा, मग वजने टांगावीत. क्रेनखाली उशी ठेवावी आणि हात दूर. बॉयलरच्या जागी वाळूचा डबा पुरतो. शाळेत दाबाखालची वाफ करण्याच्या फंदात पडू नये.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथे गाड्यांची ये-जा, सिग्नल आणि मार्ग बदलणे दिसते, कारण त्या प्रतिकृतीचा प्रश्नच रेल्वे कशी चालते हा आहे. त्यासाठी छोटे प्रमाण योग्यच ठरते. तोल हाताला जाणवायचा असेल तर मोठे प्रमाण हवे. म्हणून प्रमाण ठरवण्याआधी प्रश्न ठरवावा.

पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी प्रत्येक प्रतिकृतीसमोर एवढेच विचारावे: ही कुठे फसते, आणि ते तुम्ही कसे शोधलेत? "नाही ठोकली तर ती पडते" म्हणणाऱ्या त्या मुलाला मी तेव्हा हसून पुढे गेलो. खरे तर तिथेच थांबून म्हणायला हवे होते, "काढ खिळे, किती वजनाला पडते ते पाहू."