एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा

१६५/८० आर१४ ८५टी. मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलांच्या टायरवर वर्षानुवर्षं ही ओळ उमटलेली आहे. काळ्यावर काळी, चिखलानं अर्धी बुजलेली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर छोटी गाडी चालवणाऱ्यानं ती सावकाश, आकडा आकडा थांबून वाचावी इतकी ती भरलेली आहे. एमएच ३४ आणि एमएच ३३ च्या गाड्यांना मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, बसवायची हौस हल्ली बरीच दिसते. त्या हौसेबद्दल मला आदरच आहे. चाक चांगलं असलं की सगळी गाडी उठून दिसते. फक्त दुकानात टांगलेल्या डिस्ककडे मान वर करून पाहण्याआधी खाली वाकून ही ओळ वाचायला हवी.

घडण पाहा. पहिला आकडा मिलिमीटरचा, दुसरा टक्क्यांचा, तिसरा इंचांचा, आणि एकाही आकड्यापुढे एकक लिहिलेलं नाही. १६५ ही टायरची रुंदी. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंची: डिस्कच्या कडेपासून रस्त्यापर्यंत १३२ मिलिमीटर रबर आणि हवा. १४ हा डिस्कचा व्यास. मधला ‘आर’ रेडियलचा. टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. मिशलेन कंपनीनं १९४६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. तिच्यामुळे टायरची बाजू लवते, पण रस्त्याला टेकलेला भाग सपाट राहतो. गाडीतल्या माणसाला आराम आणि चालवणाऱ्याला पकड, ही दोन्ही कामं एकाच रबरानं करावीत, ही किमया त्या एका अक्षराची.

पण माझं मन रमतं ते ८० वर.

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीकडे निघालं की हा आकडा हाताला जाणवू लागतो. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक या भागातून होते. जड ट्रकांखाली डांबर दबतं, मग त्याची कड तुटते, आणि पावसाळ्यानंतर उरतो तो उभ्या काठाचा खड्डा. तिकडे गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे ट्रक, घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाचे. खोल पण उताराचा खड्डा टायरला फारसा छळत नाही. उथळ असला तरी धारदार काठाचा खड्डा वाईट. चाक त्या काठावर आदळलं की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, डिस्कची कड आणि डांबराची कड यांच्यात चिमटते. आतले धागे तुटतात, आणि चार दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. त्या टायरला दुरुस्ती नाही, तो बदलावाच लागतो. १३२ मिलिमीटर उंची असली की हा चिमटा बसण्याआधीच बहुतेक धक्का हवेत जिरतो.

आता अलॉय मोठं करत जाऊ. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतो. साइडवॉल १२० मिलिमीटर, पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१. चौदाच्या चाकाचा व्यास ६२० च्या आसपास. म्हणजे डिस्क इंचभर वाढली, तरी गाडी उचललीही गेली नाही आणि बसलीही नाही. स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. ही जोडी फार सुरेख जुळवलेली आहे. १९५/५५ आर१६ घेतला तरी व्यास ६२१ च राहतो, पण साइडवॉल १०७ वर येते. २०५/४५ आर१७ ला उरतात ९२. चौदापासून सतरापर्यंत जाताना ४० मिलिमीटर गादी गेली आणि तिच्या जागी धातू आला. दुकानाच्या दिव्याखाली हा धातू झगमगतो, यात शंका नाही. आष्टीच्या पुढे मात्र मला ते ४० मिलिमीटर परत हवेसे वाटतात.

व्यासाचा हिशेब न करता घेतलेली मापंही दिसतात. १९५/५० आर१६ चा व्यास ६०१ भरतो. गाडी ९ मिलिमीटर खाली येते, आणि काटा १०० दाखवतो तेव्हा वेग ९७ च असतो. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. मधे दगड वर आलेल्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर त्यातले ९ सोडून देणं परवडत नाही.

रुंद टायर दिसतो छान, कोरड्या सपाट रस्त्यावर पकडही देतो. पण मूल-सावलीच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात वाट सोडून गाडी बाजूला घ्यावी लागली की १६५ चं महत्त्व कळतं. अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या कडक थराला टेकतो, रुंद टायर वरच घसरतो. डांबरावर साचलेल्या पाण्याचंही तसंच. म्हणून आल्टो ८०० चा १४५/८० आर१२ मला अजिबात केविलवाणा वाटत नाही. एवढ्याशा चाकालाही ११६ मिलिमीटर साइडवॉल आहे, स्विफ्टच्या पंधराच्या चाकाहून जेमतेम ४ कमी. त्या मापाची ऐट कुणी करत नाही, पण ते विचार करून ठरवलेलं माप आहे.

शेवटचं ८५टी बहुतेकांच्या वाचण्यातून सुटतं. ८५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो भार. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेग. इतका वेग आपल्याकडे कुठे लागतो, असं वाटेल. पण वेगाची ही मर्यादा मुळात उष्णतेची मर्यादा आहे: सतत लवल्यानं टायर तापतो, तो किती ताप सोसेल, हे ते अक्षर सांगतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा सल्ला इथे सर्रास मिळतो, आणि तो पूर्ण उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी आणि दुपारी वाढलेला आकडा पाहून ती सोडू नये.

अलॉयच्या बाजूनंही मनापासून बोललं पाहिजे. चांगलं ओतलेलं अलॉय लोखंडी डिस्कपेक्षा अचूक गोल असतं, आणि मोकळ्या आऱ्यांमधून जिवतीच्या घाटात तापलेल्या ब्रेकला वारा मिळतो. ते हलकं असतंच असं मात्र नाही. दोन्ही काट्यावर ठेवून पाहावीत. ॲल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओतलेला हा धातू जोरदार आघातानं तडकू शकतो. लोखंड वाकतं. वाकलेली डिस्क एटापल्लीतही कुणीतरी हातोड्यानं ठोकून चालती करून देईल. तडकलेल्या अलॉयला वेल्डिंग करून त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून माझी पसंती अशी: चंद्रपूर शहर, नागपूरचा रस्ता आणि मोहर्लीपर्यंतचं जाणं-येणं असेल, तर पंधराचं अलॉय, पाच जाड आऱ्यांचं, साध्या चंदेरी रंगाचं. बारीक आऱ्यांच्या जाळीत चिखल वाळून बसतो, बॅलन्सिंग बिघडतं आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. चकाकत्या मशीन-कट कडांवर मुरमाचे खडे लागले की वरचा लॅकर उडतो आणि खालून पांढरी बुरशी धरावी तसा धातू खराब होत जातो. स्विफ्टचे नट चार आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, हे जुळायला हवंच, पण मधलं भोकही पाहावं. ते गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल, तर मधे बरोबर मापाची रिंग बसवून घ्यावी. अलॉयवर आणि टायरवर आयएसआय शिक्का हवा. टायर कधी बनला हे सांगणाऱ्या, त्याच्यावरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

आणि आलापल्ली, भामरागड, हेमलकसा हा रोजचा रस्ता असेल तर १६५/८० आर१४, लोखंडी डिस्क, काळा रंग. स्टेपनीही त्याच मापाची, पूर्ण हवेची. आलापल्लीच्या पुढे पंक्चरवाला गाठेपर्यंत तिच्यावरच घरी पोचायचं असतं. तिच्याबरोबर जॅक, पान्हा आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची एक फळी. मुरमात जॅक नुसता ठेवला तर रुततो.