जर्मनमधील विभाज्य क्रियापदे व गौण वाक्यातील पदक्रम : मार्क ट्वेन यांच्या टीकेचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :

परकीय भाषेविषयीचे लोकमत व्याकरणग्रंथांपेक्षा विनोदातून अधिक लवकर रूढ होते. जर्मन भाषेच्या बाबतीत असे मत घडविण्यात अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचा वाटा मोठा आहे. १८७८ मधील हायडेलबर्ग येथील मुक्कामाच्या अनुभवातून त्यांचा ‘द ऑफुल जर्मन लँग्वेज’ हा निबंध आकारास आला आणि १८८० साली ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या प्रवासग्रंथाचे परिशिष्ट म्हणून तो प्रसिद्ध झाला. जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते आणि विभाज्य क्रियापदाचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून दूर फेकले जातात, हे त्यांचे दोन प्रमुख आक्षेप होत. जर्मन शिकणाऱ्यांच्या कानी हे आक्षेप आजही पडतात. प्रस्तुत लेखात त्यांची चिकित्सा केली असून, मराठी भाषकाने ते जसेच्या तसे स्वीकारणे कितपत युक्त आहे, याचा विचार केला आहे.

टीकेचे स्वरूप :

ट्वेन यांचा निबंध हा विनोदी गद्याचा उत्तम नमुना आहे, याबद्दल दुमत नाही. ‘निघून गेला’ या अर्थाच्या विभाज्य क्रियापदाचे दोन भाग करून त्यांच्यामध्ये एक प्रदीर्घ प्रणयप्रसंग कोंबणारे त्यांचे विडंबन आजही हसविते. भाषासुधारणेच्या सूचनांमध्ये क्रियापद पुढे आणावे, अशीही त्यांची एक सूचना आहे. पुढे १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांनी याच विषयावर जर्मनमधून भाषण केले. ज्या रचनेची थट्टा करावयाची तीच रचना वापरून केलेली ती थट्टा त्यांच्या भाषाप्रभुत्वाची साक्ष देते. म्हणूनच ट्वेन यांना अज्ञानी टीकाकार म्हणून बाजूस सारता येत नाही. प्रश्न त्यांच्या ज्ञानाचा नसून त्यांनी वापरलेल्या मोजपट्टीचा आहे.

मूळ क्रम कोणता ?

एक साधे उदाहरण पाहू. ‘गाडी आठ वाजता सुटते’ हे वाक्य जर्मनमध्ये ‘डेर त्सूक फेअर्ट उम् आख्ट ऊअर आप’ असे होते. येथे ‘आपफारेन’ म्हणजे ‘सुटणे’ या क्रियापदाचा रूप चालणारा भाग दुसऱ्या स्थानी आला आहे आणि ‘आप’ हा पूर्वघटक वाक्याच्या अंती राहिला आहे. या दोहोंनी मिळून साधलेल्या चौकटीला जर्मन व्याकरणात वाक्यकंस म्हणतात. आता हेच वाक्य गौण करू : ‘वाइल डेर त्सूक उम् आख्ट ऊअर आपफेअर्ट’. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. पदांच्या क्रमाने त्याचे मराठी रूप ‘कारण गाडी आठ वाजता सुटते’ असे होते. एकही पद हलवावे लागत नाही. दुभंगलेले क्रियापदही येथे पुन्हा एकसंध झाले आहे.

संयुक्त काळातही हेच दिसते. ‘डास झी ईन आनगेरूफेन हाट’ या गौण वाक्याचा क्रम ‘की तिने त्याला फोन केला आहे’ असाच आहे. कृदन्त आधी आणि साहाय्यक क्रियापद त्यानंतर, हा मराठीचा नित्याचा क्रम आहे. ट्वेन यांना जे विपरीत वाटले, ते मराठी भाषकाच्या नित्य बोलण्यातले आहे.

आधुनिक भाषाविज्ञानाचा कौलही याच बाजूने आहे. मानफ्रेड बीअरविश यांनी १९६३ मध्ये जर्मन क्रियापदावरील आपल्या ग्रंथात क्रियापदान्त क्रम मूळ मानून विवेचन केले. रचनान्तरणवादी व्याकरणात पुढे हीच भूमिका रूढ झाली. तिच्यानुसार गौण वाक्यात क्रियापद ‘शेवटी फेकले’ जात नाही. ते आपल्या मूळ जागी असते, आणि मुख्य वाक्यात त्याचा रूप चालणारा भाग दुसऱ्या स्थानी सरकतो. पूर्वघटक मात्र मागे राहून मूळ जागेची खूण दाखवितो. विभाज्य क्रियापदाची फूट हा त्यामुळे लहरीपणा ठरत नाही. मूळ क्रमाचा तो पुरावा ठरतो.

फूट कोठे पडावी हेही मनमानी नाही. आघात पूर्वघटकावर असेल तर क्रियापद विभाज्य आणि धातूवर असेल तर अविभाज्य, असा स्थूल नियम आहे. ‘उमफारेन’ हा शब्द पहिल्या अवयवावर आघात देऊन उच्चारल्यास ‘वाहनाने धडकून पाडणे’ असा अर्थ होतो व तो विभाज्य ठरतो. धातूवर आघात दिल्यास ‘वळसा घालून जाणे’ असा अर्थ होतो व तो अविभाज्य असतो.

वैदिक भाषेचा दाखला :

संस्कृतच्या अभ्यासकाला या व्यवस्थेत काहीतरी ओळखीचे वाटेल. अभिजात संस्कृतात उपसर्ग धातूस चिकटलेला असतो. वैदिक भाषेत मात्र तो धातूच्या नंतर येऊ शकतो, तसेच मध्ये अन्य पदे घेऊन दूरही राहू शकतो. पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.८० ते ८२) हा भेद नोंदविला आहे. याहून लक्षणीय गोष्ट स्वराची आहे. वैदिक मुख्य वाक्यात क्रियापद सामान्यतः अनुदात्त असते आणि उपसर्ग आपला स्वर राखून बहुधा स्वतंत्र राहतो. ‘यद्’ने आरंभ होणाऱ्या गौण वाक्यात मात्र क्रियापद सस्वर होते आणि त्याच्या लगत आलेला उपसर्ग आपला स्वर गमावतो (८.१.६६ व ८.१.७१). मुख्य वाक्यात वियोग आणि गौण वाक्यात संयोग, हे सूत्र दोन्हीकडे दिसते.

याकोब वाकरनागेल यांनी १८९२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जर्मनमधील मुख्य व गौण वाक्यांचा पदक्रमभेद थेट मूळ भारोपीय भाषेपर्यंत नेला होता. तथापि हा वारसा सरळ मानणे कठीण आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये गौण वाक्याचा क्रम आजच्याइतका स्थिर नव्हता. सुमारे १३५० ते १६५० या काळात तो दृढ होत गेला. शिवाय वैदिक उपसर्ग पुष्कळदा वाक्यारंभी येतो, तर जर्मन पूर्वघटक वाक्यान्ती राहतो. म्हणून येथे वंशपरंपरेपेक्षा रचनासाम्य म्हणणेच सुरक्षित ठरते.

साम्याच्या मर्यादा :

मराठी भाषकाला जर्मन सर्वस्वी सुलभ आहे, असा याचा अर्थ नव्हे. मुख्य वाक्यातील दुसऱ्या स्थानाचे बंधन मराठीत नाही. ते त्याला नव्याने शिकावे लागते. ‘नाही’ मराठीत क्रियापदानंतर येते, तर जर्मन गौण वाक्यात नकार क्रियापदापूर्वी येतो. मराठीतील ‘जो-तो’ची जोडरचना जर्मन संबंधी वाक्याहून भिन्न आहे. जर्मनमध्ये नामानंतर लगेच संबंधी वाक्य घुसते आणि त्याच्या पोटात आणखी एक वाक्य आले की शेवटी क्रियापदांची रांग लागते. मराठी अशा वेळी ‘काल आलेला माणूस’ अशा कृदन्त रचनेचा आश्रय घेते.

याच ठिकाणी ट्वेन यांच्या टीकेत तथ्य आहे. कंसात कंस घालणारी वाक्ये वाचकावर अन्याय करतात. परंतु हा शैलीचा दोष आहे, व्याकरणाचा नव्हे. इंग्रजी लेखनातही हा विकार असल्याचे ट्वेन स्वतः मान्य करतात. तरीही निबंधाच्या ओघात शैलीचे अपराध ते व्याकरणाच्या माथी मारतात. बोलीभाषेतील जर्मन माणूस लांबलेला भाग कंसाबाहेर, क्रियापदानंतर ठेवून मार्ग काढतो. ‘वाइल’नंतरही बोलण्यात मुख्य वाक्याचा क्रम आढळतो, प्रमाण लेखनात तो अद्याप ग्राह्य धरला जात नाही.

अध्यापन व अनुवाद :

महाराष्ट्रातील जर्मनच्या वर्गात या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजीतून झाले की इंग्रजी क्रम स्वाभाविक आणि जर्मन क्रम अपवाद ठरतो. मग विद्यार्थी मनातल्या मनात मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये जातो. जो क्रम त्याच्यापाशी होता तो वाटेत गमावतो आणि पुन्हा नियम म्हणून पाठ करतो. गौण वाक्य आधी मराठीशेजारी ठेवून शिकविले आणि मुख्य वाक्य त्यातून साधले, तर हा वळसा टळू शकेल. अनुवादाचेही असेच आहे. मूळ जर्मन लेखक क्रियापद राखून ठेवून वाक्याचा उलगडा अखेरीस करतो. इंग्रजीला ते क्रियापद बहुधा आधीच उघड करावे लागते. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या अनुवादात ही उत्कंठा सहज हरवू शकते. वास्तविक ती पेलण्याची क्षमता मराठीत आहे.

समारोप :

ट्वेन यांचा निबंध वाचावा आणि हसावे. मात्र ते हसू इंग्रजी भाषकाच्या जागेवरून आलेले आहे, याचे भान ठेवावे. ज्याची स्वतःची भाषा क्रियापदाने वाक्य मिटवते, त्याने जर्मन गौण वाक्याला विचित्र म्हणणे म्हणजे आपल्याच घराला परक्याच्या खिडकीतून पाहणे होय. मराठी अध्यापकाने व अनुवादकाने जर्मनकडे थेट मराठीतून पाहिल्यास भाषा सोपी होईलच असे नाही. पण ती कोठे अवघड आहे आणि कोठे नाही, हे तरी नेमके कळेल.