‘प्रिन्सेस मोनोनोके’ आणि बालप्रेक्षक

चित्रें हलूं लागलीं कीं तीं मुलांकरितांच, असा एक समज आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ सालचा जपानी चित्रपट त्या समजावर विसंबून जो मुलांपुढें ठेवील, तो फसेल. यांत बाणांनीं हात तुटतात, शिरें उडतात. नृसिंहाची कथा आपण लहान मुलांस निःशंकपणें सांगतों खरी. पण ऐकलेलें रक्त मुलाच्या कल्पनेच्या बेतानें सांडतें, पाहिलेल्या रक्ताला तो बेत नसतो. म्हणून सहा-सात वर्षांच्या बालकास हा चित्रपट दाखवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

परंतु तेवढ्यावर निकाल देणें हा कलाकृतीवर अन्याय होईल. हिंसा दाखविणें आणि ती स्वस्त करणें, या भिन्न गोष्टी आहेत. येथें वराहदेवाच्या देहांत लोखंडी गोळी रुतते; वेदनेंतून द्वेष उपजतो, आणि गांव वांचविण्यासाठीं त्याला मारणाऱ्या अशिताकाच्या हाताला शाप जडतो. त्या हातांत अमानुष बळ येतें, आणि तोच हात त्याला मरणाकडे ओढूं लागतो. गोळी झाडणारी एबोशी तरी राक्षसीण आहे काय? कुष्ठरोग्यांना आणि कुंटणखान्यांतून सोडविलेल्या स्त्रियांना आपल्या लोखंडाच्या कारखान्यांत तिनेंच आश्रय दिला आहे. आणि अरण्याचा संहारही तिनेंच मांडला आहे.

‘मग यांत दुष्ट कोण?’ असें विचारण्याइतक्या जाणत्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलास तो अवश्य दाखवावा. मात्र वडील माणसांनीं शेजारीं बसावें, आणि त्या प्रश्नाचें उत्तर देण्याची घाई करूं नये.